‘अरे वा!’ म्हटल्यावर काय म्हणावे?

वाचनासाठी: लूक १:३९-५६, योहान १:४५-५१, प्रेषितांची कृत्ये १४:८-१८



आपल्याला कोणी वाईट बोलले तर काय उत्तर द्यावे, याविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. क्षमा करावी, रागाच्या भरात तोंड उघडू नये, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलेही सांगतील. पण कोणी आपल्याविषयी चांगले बोलले, आपले काही पाहून थक्क झाले, तर काय उत्तर द्यावे? हे मात्र आपल्याला फारसे कोणी शिकवलेले नाही.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात जरा कान देऊन ऐका. “बाय, आज वाचन किती स्पष्ट केलंस गं!” असे कोणी म्हणताच मुलगी ओढणीत तोंड लपवून पळते. “दादा, तुमच्या मिरच्या यंदा काय लगडल्यात!” यावर उत्तर येते, “कसल्या लगडल्या, अर्ध्या किडल्या.” “मावशी, पोरगी नर्सिंगला लागली म्हणे?” “लागली एकदाची. बघू किती दिवस टिकते.” बोलणारा मोठ्या प्रेमाने आलेला असतो. उत्तर ऐकून तो गप्प होतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. भांडण झालेले नसते, पण दोन माणसांत जे जुळणार होते ते जुळत नाही.

या रविवारी आपण या लहानशा गोष्टीचा धडा घेऊ. गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात सत्य, नम्रता, कृतज्ञता आणि माणसाचा मान अशा चार मोठ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत.

१. नाकारलेली स्तुती कोणाला लागते?

कौतुक ही एक भेट आहे. शेजारीण वाटीभर भाजी घेऊन आली तर आपण ती तिच्यासमोर उकिरड्यावर टाकत नाही. कौतुकाच्या शब्दांचे मात्र आपण सर्रास तेच करतो. “छे, कसलं काय!” असे म्हणताना आपल्याला वाटते की आपण नम्रपणे बोललो. समोरच्याला मात्र असे ऐकू येते, ‘तुला काही कळत नाही’ किंवा ‘तू उगाच गोड बोलतोस.’ त्याने खरे मन उघडले होते, आणि आपण ते दार त्याच्या तोंडावर लावले.

आणखी एक माणूस तिथे असतो, त्याच्याकडे तर आपले लक्षही नसते. वरच्या उदाहरणात नर्सिंगला लागलेली ती मुलगी आईच्या शेजारी उभी आहे. आईने नम्रता दाखवली, पण किंमत मुलीने दिली. ‘बघू किती दिवस टिकते’ हे शब्द ती वसतिगृहात घेऊन जाते. पहिल्या परीक्षेत एखादा विषय राहिला की तेच शब्द तिला आठवतात. नवऱ्यासमोर बायकोच्या स्वयंपाकाचे कौतुक झाले आणि तो म्हणाला, “आज जमलंय, रोज कुठं असं असतं!” तर हसू सगळ्यांना येते, पण चुलीजवळ बसलेल्या बाईला ते हसू लागते. आपली नम्रता आपण दुसऱ्याच्या खर्चाने दाखवू नये, हा आजच्या धड्याचा पहिला नियम समजा.

२. मान खाली घालण्याची सवय कुठून आली?

आपल्या भागात या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी डहाणू-तलासरीत वेठबिगार होती. लग्नासाठी थोडे कर्ज काढले की माणूस ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारात आयुष्यभर राबत असे. त्याची बायकोही राबत असे. मालकासमोर नजर वर करायची नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, अशी ती रीत होती. अशा माणसाचे कोणी कौतुक केले तर त्यामागे काय मागणी येणार आहे, याचीच त्याला धास्ती वाटायची. मान खाली घालणे हाच तेव्हा जीव वाचवण्याचा मार्ग होता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे इकडचे काही वारली बांधव गेले होते. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी आपल्या याच झरी गावात हजारो आदिवासी एकत्र आले आणि यापुढे वेठ करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विचारांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी, माणसाने माणसासमोर ताठ उभे राहावे ही गोष्ट शुभवर्तमानालाही प्रिय आहे. अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला प्रभूने शब्बाथाच्या दिवशी सरळ उभे केले, हे आपण संत लूकच्या शुभवर्तमानात वाचतो (लूक १३:१०-१७).

हे सांगण्याचे कारण असे. वेठ गेली, पण तिने लावलेली सवय काही घरांत अजून राहिली आहे. आपला मुलगा वापीला किंवा उंबरगावच्या कारखान्यात मुलाखतीला जातो. साहेब त्याची गुणपत्रिका पाहून म्हणतात, “अरे वा, गणितात चांगले गुण आहेत!” मुलगा जमिनीकडे बघत पुटपुटतो, “असंच मिळालं.” साहेबाला वाटते, याला स्वतःचीच खात्री नाही, मग मी कशी धरू? मुलगा घरी येतो, आणि आपण म्हणतो, पोरगं नम्र आहे, पण नशीब नाही. बंधू-भगिनींनो, भीतीने वाकलेली मान आणि भक्तीने वाकलेली मान दुरून सारखीच दिसते. पहिलीला आपण नम्रता म्हणू नये. नम्रता हा सद्गुण आहे, आणि कोणताही सद्गुण मोकळ्या माणसाचाच असतो.

३. नम्रता म्हणजे सत्य

मग खरी नम्रता कशी ओळखावी? ख्रिस्ताच्या आधी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने स्वतःविषयी खरे बोलण्याच्या गुणाचा विचार केला होता. त्याच्या मते स्वतःविषयी बोलताना माणूस दोन बाजूंनी घसरतो. एक जण आपल्याजवळ नाही ते आहे असे सांगतो, तो बढाईखोर. दुसरा आपल्याजवळ आहे ते नाही असे सांगतो, किंवा असलेले कमी करून सांगतो. या दोघांच्या मधोमध जो आहे ते आहे तसे सांगतो तो सत्यवचनी.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात मांडला. जाणूनबुजून खोटे बोलून स्वतःला कमी लेखणे हेदेखील सत्याविरुद्धचे पाप आहे, असे ते सांगतात. नम्रतेविषयी त्यांचा विचार फार उपयोगी आहे. प्रत्येक माणसात दोन गोष्टी असतात, एक त्याची स्वतःची आणि दुसरी देवाने दिलेली. आपल्यातील उणीव ही आपली. आपल्यातील चांगले ते देवाचे. आपल्या उणिवेकडे बघून दुसऱ्यातील देवाच्या देणगीपुढे जरूर वाकावे. पण आपल्यात देवाने ठेवलेली देणगी कवडीमोल आहे असे म्हणण्याची मागणी नम्रता करीत नाही. सोळाव्या शतकातील अविलाच्या संत तेरेजा यांनी तर नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असाच तिचा अर्थ सांगितला.

हे आपल्या भाषेत आणू. चिकूच्या झाडाला कोणी म्हणाले, “काय गोड फळ आहे!” तर झाडाने “नाही हो, कडूच आहे” म्हणणे ही नम्रता नाही. “मीच स्वतःला गोड केले” म्हणणे हेही खरे नाही. माती, पाणी, ऊन आणि बागवानाचे हात यांची आठवण ठेवून गोड असणे, हे त्या झाडाचे खरे उत्तर.

४. पवित्र मरियेचे उत्तर

आता शुभवर्तमानातील सर्वांत मोठे कौतुक आणि त्याचे सर्वांत सुंदर उत्तर पाहू. मरिया घाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी गेली. अलीशिबा वयाने मोठी, याजकाच्या घरची. तिने मोठ्याने आश्चर्य व्यक्त केले. सर्व स्त्रियांत मरिया धन्य आहे असे ती म्हणाली, आणि माझ्या प्रभूच्या मातेने माझ्याकडे यावे हा मान मला कुठून, असा प्रश्न तिने केला. एका लहान गावातल्या तरुण मुलीला याहून मोठे शब्द कोण बोलणार?

मरियेने काय केले ते नीट पाहा.

पहिले, तिने नाकारले नाही. ‘नाही गं, माझ्यात काय आहे’ असे ती म्हणाली नाही. उलट यापुढे सर्व पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले. यात बढाई नाही, कारण ते खरे आहे.

दुसरे, तिने कौतुक स्वतःजवळ ठेवून घेतले नाही. ते हातात घेतले आणि ज्याचे होते त्याच्याकडे वर केले. देवाने आपल्यासाठी मोठी कृत्ये केली, असे ती गाते.

तिसरे, तिने आपल्या आनंदात इतरांना बसायला जागा दिली. तिचे गीत तिच्यापाशी थांबत नाही. दीन, भुकेले, इस्राएलची सारी प्रजा, सगळे त्यात येतात. देव माझ्याशी असा वागला तो तुमच्याशीही तसाच वागतो, हा त्याचा भाव आहे.

चौथे, यानंतर ती सुमारे तीन महिने अलीशिबेकडे राहिली. म्हाताऱ्या गरोदर बाईच्या घरात तीन महिने राहणे म्हणजे काय, हे आपल्या घरच्या बायांना सांगायला नको. प्रभूची माता म्हणवून घेतल्यावरही पाणी भरायचे राहिले नाही. कौतुक खरोखर पचले की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या कामावरून कळते.

५. कौतुक मापाबाहेर गेले तर

कधी कधी लोक मापाबाहेर बोलतात. लुस्त्र गावी संत पौलाने जन्मापासून पांगळ्या असलेल्या माणसाला उभे केले, तेव्हा लोक ओरडू लागले की देवच माणसांच्या रूपाने खाली आले आहेत. बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवून ते बैल आणि फुलांच्या माळा घेऊन आले. दोघा प्रेषितांनी आपले कपडे फाडले आणि गर्दीत धाव घेऊन, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे सांगितले. कर्नेल्य हा शताधिपती संत पेत्राच्या पाया पडला, तेव्हा पेत्रानेही त्याला हात धरून उठवले आणि आपण माणूसच आहोत असे म्हटले (प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६).

इथे फरक लक्षात घ्या. कौतुक खरे असेल तर ते घ्यावे. खोटे किंवा देवाचा मान माणसाला देणारे असेल तर ते स्पष्टपणे थांबवावे. वाढदिवसाला आपला फोटो नाक्यावर हातभर मोठा झळकावा असे वाटणाऱ्यांनी लुस्त्रचा हा प्रसंग वाचावा. “फादर, तुम्ही म्हणजे साक्षात देव” असे ऐकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही तो वर्षातून दोनदा वाचावा. पुढची ओळ तर फार बोलकी आहे. ज्या गर्दीने माळा आणल्या त्याच गर्दीने थोड्याच वेळात पौलाला दगड मारले. म्हणून वाहवा घरात घ्यावी, पण घर तिच्यावर बांधू नये.

खऱ्या कौतुकाला कामाने उत्तर देणारा माणूस आपल्याच भागात होऊन गेला. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ मध्ये तलासरी तालुक्यातील धामणगावचा. आई लहानपणीच गेली आणि या मुलाचे बोलणे जवळजवळ थांबले. तो मातीत चित्रे काढून मनातले सांगू लागला. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक काढण्याचे काम आपल्याकडे सवासिनींचे. पण म्हसे रोज चित्र काढू लागले. सत्तरच्या दशकात त्यांचे काम बाहेरच्या जगाने पाहिले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात स्थान, २०११ मध्ये पद्मश्री. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा पाहून परदेशातले लोक थक्क झाले. म्हसे मात्र डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यातच राहिले, चित्रे काढीत राहिले. सदाशिव आणि बाळू या मुलांच्या हातीही त्यांनी तीच कला दिली. १५ मे २०१८ रोजी ते वारले. जगाने ‘अरे वा’ म्हटले, आणि त्यांनी पुढचे चित्र काढायला घेतले. थोडे बोलणाऱ्या माणसाचे हे उत्तरही सुंदरच आहे. ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांनी खंत करू नये.

६. आश्चर्यात काटा असेल तर

आता कठीण प्रश्नाकडे येऊ. काही वेळा आश्चर्याच्या पोटात काटा असतो. “तू आदिवासी? वाटत नाहीस हो! किती स्वच्छ बोलतेस!” “झरीचा असून इंजिनिअर झालास?” “तुम्ही ख्रिस्ती, मग मराठी इतकी चांगली कशी?” बोलणाऱ्याला वाटते आपण कौतुक केले. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र येते, माझे कौतुक करण्यासाठी याने माझ्या साऱ्या लोकांना खाली ढकलले.

प्रभू येशूने हे ऐकले आहे. फिलिपाने नथनेलला येशूविषयी सांगितले, तेव्हा नासरेथसारख्या गावातून काही चांगले निघू शकते का, असे नथनेल म्हणाला. प्रभूच्या गावाचाच तो उपहास होता. पण नथनेल जवळ येताच प्रभूने त्याच्यातील चांगले तेच बोलून दाखवले, हा कपट नसलेला खरा इस्राएली आहे, असे म्हटले. मग आश्चर्यचकित होण्याची पाळी नथनेलची आली. प्रभूने त्याला लाजवले नाही, आणि आपण नासरेथचे नाही असेही सांगितले नाही. शेवटपर्यंत तो नासरेथचा येशू राहिला. क्रुसावरच्या पाटीवरही तेच गाव लिहिले गेले.

फिलिपाचे उत्तरही शिकण्यासारखे आहे. त्याने वाद घातला नाही. ये आणि पाहा, एवढेच तो म्हणाला. काट्याच्या कौतुकाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आपल्या वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा पुष्कळांना आनंद झाला, काहींना नवल वाटले आणि काहींनी विरोधही केला. एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या या मानाच्या खुर्चीवर कसा, असा तो सूर होता. पण ‘ये आणि पाहा’ म्हणता येईल एवढे काम त्यांच्यामागे उभे होते. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले होते, ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते संमेलन झाले. २५ जुलै २०२४ रोजी फादर देवाघरी गेले. मराठी आमचीही आहे, हे त्यांच्या लेखणीने दाखवून दिले.

मग आपल्या मुलीने काय म्हणावे? “वाटत नाहीस हो” असे कोणी म्हणाले तर मान वर ठेवून, हसून म्हणावे, “मी वारलीच आहे, काकू. आमच्या पाड्यात माझ्यापेक्षा छान बोलणाऱ्या मुली आहेत. या एकदा आमच्याकडे.” या उत्तरात राग नाही, लाज नाही आणि खोटेही नाही. तिने कौतुक घेतले, काटा काढून बाजूला ठेवला आणि आपल्या लोकांना सोबत घेतले. पण एक सांगतो. कोणी मुद्दाम अपमान करण्यासाठी तसे बोलत असेल, तर त्याला गोड उत्तर देण्याची सक्ती शुभवर्तमान करीत नाही. महायाजकापुढे चपराक बसल्यावर प्रभूने शांतपणे विचारले होते की मला का मारलेस. असा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

७. दुसऱ्याच्या आश्चर्याचा मान

आश्चर्य केवळ आपल्या गुणांचे नसते. आजी पहिल्यांदा मोबाइलवर मुंबईच्या नातवाचा चेहरा पाहते आणि म्हणते, “अगं बाय! हा यात कसा शिरला?” घरातली पोरे खो-खो हसतात. “आजी, तुला एवढंही माहीत नाही?” आजी फोन परत देते, आणि पुन्हा कधी काही विचारत नाही. शाळेतले मूल, नवी सून, दूरच्या पाड्यावरून आलेला पाहुणा, सगळ्यांच्या बाबतीत असेच घडते.

ज्ञानाची सुरुवात आश्चर्यातून होते, हे प्लेटो आणि ॲरिस्टॉटल दोघांनीही सांगितले आहे. ज्याला नवल वाटते त्याच्या मनाची खिडकी त्या क्षणी उघडी असते. आपण हसलो की ती बंद होते. “हो ना आजी, मलाही पहिल्यांदा नवलच वाटलं होतं. बघ, इथे दाबायचं,” असे म्हटले की ती खिडकी आणखी उघडते. नथनेल थक्क झाला तेव्हा प्रभूने त्याला, याहून मोठ्या गोष्टी तू पाहशील, असे सांगितले. दुसऱ्याचे नवल पुढे नेणे म्हणजे काय, याचा हा नमुना आहे.

८. आणि दृष्ट?

“काय गोंडस बाळ आहे हो!” असे कोणी म्हणाले की आईचा चेहरा उतरतो. घरी जाऊन तीट लावली जाते, मीठ-मिरची ओवाळली जाते. कधी आई मुद्दाम म्हणते, “कसलं गोंडस, रात्रभर रडतं.” या भीतीमागचे प्रेम मी समजतो. तान्हे बाळ नाजूक असते आणि पूर्वी कितीतरी बाळे हाती लागत नव्हती. पण शेजारणीचे डोळे देवाच्या हातापेक्षा बलवान नाहीत. जिने कौतुक केले तिच्याविषयी मनात संशय धरला, तर बाळाला काही झाले नाही तरी शेजार मात्र आजारी पडतो. अशा वेळी म्हणावे, “देवाचं देणं आहे, मावशी. तुम्हीही आशीर्वाद द्या.” आणि बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. आईबापांना आपल्या लेकरांना असा आशीर्वाद देता येतो. बाळ खरोखर आजारी असेल तर मात्र आरोग्य केंद्रात न्यायला एक दिवसही उशीर करू नये.

९. मग नेमके काय म्हणावे?

रोजच्या वापरासाठी पाच गोष्टी सांगतो.

एक: बोलणाऱ्याकडे पाहा. ओढणी, टोपी, मोबाइल यांत तोंड लपवू नका.

दोन: आधी घ्या. “बरं वाटलं ऐकून,” “तुम्हाला आवडलं, आनंद झाला,” एवढे पुरे. ‘धन्यवाद’ हा शब्द घरात जड वाटत असेल तर नका वापरू. गोव्याचे आपले बांधव आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, म्हणजे देव तुमचे भले करो. कौतुकाला आशीर्वादाने उत्तर देणारी ही रीत किती छान आहे!

तीन: ज्याचे श्रेय त्याला द्या, पण खरे असेल तरच. “सिस्टरनी वाचनाचा सराव करून घेतला,” “बी भावाने आणलं होतं.” देवाचे नावही मनापासून घ्या, नुसते पालुपद म्हणून नको.

चार: लगेच परतफेड करू नका. “तुमची साडी छान” म्हटल्याबरोबर “तुमचीपण छान” म्हणणे म्हणजे उधारी फेडणे झाले. कौतुक हे कर्ज नाही. त्याऐवजी विचारा, “तुमची भाजी कशी आली यंदा?” म्हणजे बोलणे पुढे जाते.

पाच: थांबा. एक वाक्य पुरे. कौतुकाचा धागा धरून आपली सारी कहाणी सांगत बसले, तर पुढच्या वेळी लोक लांबूनच हात हलवतील.

चिंतनासाठी (कुटुंबात किंवा वाडीतील प्रार्थनासभेत)

१. आपल्या घरात शेवटचे कौतुक कोणाचे, कधी झाले? त्या व्यक्तीने काय उत्तर दिले?

२. माझी नम्रता कधी मुलांच्या किंवा जोडीदाराच्या खर्चाने झाली आहे का?

३. माझी मान भीतीने वाकते की भक्तीने?

४. मी कोणाच्या आश्चर्यावर हसलो आहे? त्याला आता काय सांगता येईल?

या आठवड्याचा संकल्प: घरातील प्रत्येकाने दुसऱ्या एकाचे, खरे असेल असेच, एक कौतुक करावे. ज्याचे कौतुक होईल त्याने ‘छे’, ‘कसचं काय’ हे शब्द आठवडाभर बाजूला ठेवावेत.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू आम्हाला जे दिलेस ते नाकारण्याइतके आम्ही भित्रे होऊ नये आणि ते आमचेच म्हणण्याइतके गर्विष्ठही होऊ नये. चांगला शब्द ऐकला की तो मोकळ्या हाताने घ्यावा, तुझ्यापाशी पोहोचवावा आणि पुन्हा कामाला लागावे, एवढी बुद्धी दे. पवित्र मरिये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

आपला,
फादर